ज्वारीच्या चाळणीचा आवाज

आमच्या दारावरून हल्ली पोरं फटफट्या उडवत जातात. आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सरच्या आतली भोकांची नळी उपटून फेकतात, असं नातवानं सांगितलं. मी म्हटलं, फेकायला काय अक्कल लागते, बसवून दाखवा. त्याला वाटलं, म्हातारी उगीच तोंड चालवते. मग मी त्याला सांगितलं की ती नळी मी या हातांनी केलेली आहे, एकदा नव्हे, चारदा, आणि चौथ्या खेपेला अशी जमली की आसपासच्या गावांतली माणसं नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची. तो हसला. ते हसणं मला लागलं, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षरं मला माहेरच्या मठातल्या स्वामींनी शिकवली. ती आजवर वाण्याची यादी करण्यापलीकडं फारशी कामाला आली नव्हती.

माझं सासर नळदुर्गचं. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं दुकान होतं. डबे, नरसाळी, कंदिलाच्या टाक्या असं सगळंच व्हायचं, पण नाव होतं ते चाळण्यांचं. पुढं सासरे आणि आमचे हे पत्रा कापत, वाकवत, गिऱ्हाइकाशी बोलत. मागच्या ओसरीवर आम्ही सासूसुना भोकं पाडत असू. समोर शिशाची जाड वडी, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर खिळा आणि खिळ्यावर हातोडी. आमच्याकडं भोकाला माप नव्हतं, धान्य होतं. पिठाची चाळण, राळ्याची चाळण, ज्वारीची, तुरीची. ज्वारीची म्हटलं की हात आपोआप तेवढाच पडायचा.

हात पडायचा त्यापेक्षा कान पडायचा, असं म्हणायला हवं. भोक नीट पडलं की एक आवाज येतो, पत्रा फाटला की दुसरा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं सासूबाईंनी मला पत्र्याकडं बघूच दिलं नाही. भिंतीकडं तोंड करून ठोकायला लावायच्या आणि विचारायच्या, "आता कसं पडलं, सांग." चुकलं की पत्रा परत. मला राग यायचा, रडूही यायचं. पण तिसऱ्या वर्षी शेजारणीच्या घरात पडलेलं भांडं पितळेचं की जर्मनचं, हे मी चुलीपुढून सांगत होते. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सुनंचा कान लई तिखट हाय." तोंड त्याहून तिखट आहे, हे त्या सांगत नसत, पण शेजारणीला ते ठाऊकच होतं.

ही गोष्ट निजामाचं राज्य संपायच्या आधीच्या उन्हाळ्यातली. तिच्या आदल्या पावसाळ्यात माझ्या माहेरी, जळकोटच्या अलीकडच्या खेड्यात, घटसर्प आला होता. सकाळी धडधाकट असलेल्या जनावराचा गळा दुपारी सुजायचा, घरघर लागायची आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत ते आडवं व्हायचं. माझ्या वडिलांचा, आबांचा, एक बैल त्यात गेला. त्यांनी तो वासरू असल्यापासून वाढवलेला होता. त्यानंतर आबा महिनाभर गोठ्यातच झोपले. माझ्या मामांनी आपल्या घरचा एक खोंड दिला, तेव्हा कुठं पुन्हा जोड लागली. आता मिरगाच्या आत त्या जोडीला टोचून घेतलं नाही आणि पुन्हा घटसर्प आला, तर आबांचं काय होईल, याचा मी विचारही करू शकत नव्हते. बैल गेले तर शेत पडणार हे खरंच, पण माणूससुद्धा उभा राहिला नसता.

टोचायला माणूस होता. नळदुर्गच्या जनावरांच्या दवाखान्यात हैदराबादकडचे एक डॉक्टर बदलून आले होते. किडकिडीत, चष्मेवाले, पन्नाशीच्या पुढचे. आधीचे डॉक्टर घोड्यावरून जायचे, म्हणजे औषध पोचेपर्यंत उन्हानं निम्मं वाया. यांनी महायुद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली एक जुनी फटफटी मिळवली होती. औषधाची पेटी ओल्या पोत्यात गुंडाळून मागं बांधायची आणि सकाळच्या सकाळी दोन गावं उरकायची, असा त्यांचा बेत होता. बेत चांगला होता, पण फटफटीचा सायलेन्सर आतून गंजून पोकळ झालेला. ती चालू केली की दवाखान्याच्या कौलांवरची कबुतरं उठायची.

आणि ते साल आवाजाचं नव्हतं. मोटारीची घरघर ऐकू आली की खेड्यातली माणसं दारं लावून घेत, गुरं सोडून ओढ्याकडं हाकलत. हत्यारबंद टोळ्या मोटारींतून फिरत, कोण येईल आणि काय मागेल, याचा भरवसा नव्हता. बायका तर आधी पोरं उचलत आणि मग चुलीवरचं उतरवत. डॉक्टर गावात पोचायचे तेव्हा तिथं एक म्हातारा आणि चार कोंबड्या असायच्या.

एका सकाळी ते गाडी ढकलत आमच्या दुकानापुढं आले. मी मागच्या ओसरीवरून ऐकत होते.

"चाचा," ते सासऱ्यांना म्हणाले, "इसका कुछ तो बी करो. मैं गाँव को जातूँ तो लोगां भागते, बैलां भागते. सुई किसको मारूँ मैं?"

सासऱ्यांनी विचारलं, सोलापुरातून नवा का आणत नाही. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी पाठवून दोन महिने झाले, पण निजामाची हद्द बंद केलेली, नाक्यावरून सध्या टाचणीसुद्धा इकडं येत नाही. मग त्यांनी सायलेन्सर काढला, आतला गंजका तुकडा ओढून बाहेर घेतला आणि सासऱ्यांच्या हातात ठेवला. सासरे तो घेऊन मागं आले आणि आमच्यापुढं धरला. गुंडाळी केलेला भोकांचा पत्रा होता तो, दुसरं काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "ही तर चाळणच की." त्या एका वाक्यानं काम आमच्या घरात शिरलं.

आता कोणती चाळण, हा प्रश्न. डॉक्टरांना आवाज नको होता. म्हणून ह्यांनी ठरवलं, सगळ्यात बारीक, म्हणजे पिठाची. मी दोन दिवस बसून भोकं पाडली. डब्याचा पत्रा आचेपुढं टिकणार नाही म्हणून पिंपाचा जाड पत्रा घेतला होता, हाताला फोड आले. कथलाचा डाग देऊन जोडला असता तर गरम धुरानं डाग वितळला असता, म्हणून ह्यांनी कडा एकमेकींत दुमडून रिबिटं मारली. नळी आत बसवली, गाडी चालू केली आणि खरं सांगते, शिवणयंत्रही मोठं वाटावं इतका आवाज कमी. डॉक्टर खूश, हे खूश, सासऱ्यांनी रस्त्यावरच्या दोघातिघांना बोलावून ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर परत आले ते घामानं निथळत, गाडी ढकलत. नदीवरून गावात येताना जो चढ आहे, त्याच्या पायथ्याशीच गाडी गुदमरली होती. धूर बाहेर पडायला वाटच नाही, तर इंजिन दम कुठून काढणार. आपण नाक दाबून डोंगर चढून बघावा. पण त्याहून वाईट गोष्ट ते टोचायला गेले त्या गावात आधीच झाली होती. आवाज न करता फटफटी थेट पाणवठ्यावर जाऊन उभी राहिली. बायकांनी वळून पाहिलं तर पाठीशी टोपीवाला अनोळखी माणूस. घागरी टाकून त्या पळाल्या आणि गड्यांनी डॉक्टरांना ढेकळांनी मारलं. चष्म्याची एक काच तडकली होती. एवढं होऊन ते हसत होते. म्हणाले, "आवाज था तो भागते थे, आवाज नहीं तो मारते."

मग ह्यांना जोर चढला. म्हणाले, भोकं मोठी करू, तुरीची चाळण बसवू. ती बसवली. हे मागं बसलेले असतानाही गाडी चढ एका दमात चढली. पण गर्जना तशीच. मळ्यात मोटेचा बैल नाडा तोडून उधळला आणि मळेवाला दुकानात, डॉक्टरांच्या समोरच, भांडायला आला. सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. "झालं एवढं बास," ते ह्यांना म्हणाले. "आपुन चाळण्या करणारी माणसं. ह्ये आपलं काम न्हाय. सायबाला म्हणावं, घोडं घ्या."

हे ऐकलं आणि माझा तोल गेला. घोडं घेतलं तर डॉक्टर जळकोटच्या बाजूला कधी पोचणार होते? मिरगाला महिना उरला होता. आमच्यात सुनेनं गिऱ्हाइकापुढं जायची रीत नव्हती. मी दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या आतच थांबले, पदर नीट घेतला आणि सासऱ्यांशी बोलले.

"मामा, बारीक भोकाची म्या केली, मोठ्या भोकाची म्या केली. आता मला एक बोलू द्या. सायबाला आवाज कमी करून काय उपेग न्हाय. आवाज वळखीचा पायजे."

सासरे माझ्याकडं न बघता, रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "म्हंजी?"

मी म्हटलं, आपल्या गल्लीतून बैलगाडी गेली तर घुंगरावरून कुणाची ते कळतं का नाही? पाटलाची गाडी आली म्हणून कुणी पळतं का? माणूस आवाजाला भीत नाही, आवाज कुणाचा ते कळत नाही म्हणून भितो. डॉक्टरांच्या गाडीचा आवाज असा पाहिजे की दुसऱ्या कुठल्या मोटारीचा तसा नाही. लांबून यावा, पण दचकवू नये. आणि चढ चढता आला पाहिजे.

डॉक्टर सासऱ्यांकडं बघून हळूच म्हणाले, "चाचा, बाई बराबर बोलरी." सासऱ्यांनी हातोडी पुन्हा उचलली. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ मिळालं.

ज्वारीची चाळण करायची हे मी रात्रीच ठरवलं होतं. पिठाच्या आणि तुरीच्या मधली. केली, बसवली. चढ चढली, गर्जनाही गेली. पण वेगात आली की आतून एक बारीक शीळ निघायची, कानाला टोचणारी. बाकी कुणाला ती एवढी जाणवत नव्हती. ह्यांचं म्हणणं, असू दे. मी म्हटलं, कुत्री मागं लागतील. आठ दिवसांत तसंच झालं, आणि वर गाडीचा दमही कमी झाला. नळी काढून आणली तर आत काजळीचा थर. पुसायला बोट घातलं आणि बोट कापलं.

रक्त बघितलं तेव्हा चूक कळली. खिळा ठोकला की पत्र्याच्या खालच्या अंगाला भोकाभोवती धारदार ओठ निघतात. चाळणी करताना गुळगुळीत अंग नेहमी वर, दिसेल असं ठेवायचं, कारण गिऱ्हाईक आधी त्यावरून हात फिरवतं. तिन्ही खेपांना आम्ही पत्रा गुंडाळला तो याच सवयीनं, गुळगुळीत बाजू बाहेर, ओठ आत. सायलेन्सरच्या पोटात कोण हात फिरवायला जाणार होतं? पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, कुणाच्या मनातही आलं नाही. इथलं गिऱ्हाईक धूर होता. त्याच्या वाटेवर आम्ही काटे पेरले होते, मग तो शीळ घालणार नाही तर काय करणार. मी बोटाला चिंधी बांधून हसत सुटले. हे आधी चिडले, मग तेही हसले.

चौथी नळी मी सहा दिवस केली. भोक ज्वारीचंच, पण गुळगुळीत अंग आत. भोकं सगळीकडं सारखी पाडली नाहीत. इंजिनाच्या बाजूला विरळ, शेपटाकडं दाट, म्हणजे धूर एकदम सुटायचा नाही, जाता जाता सुटेल. हे मला कुणी शिकवलं नाही. ज्वारी पाखडताना सूप हलवतो तेव्हा धान्य कसं सरकतं, ते डोळ्यापुढं आणून केलं. भोकं मोजायला हे बसले होते, मला गरज नव्हती.

गाडी चालू झाली. डुग, डुग, डुग असा खालच्या पट्टीतला आवाज, प्रत्येक ठोका सुटा. लांब गेली तरी ठोके सुटेच ऐकू येत होते. डॉक्टर ह्यांना मागं बसवून, मांडीवर पेटी देऊन नदीपर्यंत गेले आणि चढावरून परत आले. मी दाराआड उभी राहून डोळे मिटून ऐकलं. चढाच्या मध्यावर आवाज जड झाला, पण अडखळला नाही. सासूबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि मला विचारलं, "आता कसं पडलं, सांग." मी म्हटलं, "नीट पडलं." त्या दिवशी मला माझ्या हाताचा आणि कानाचा असा अभिमान वाटला की जेवण गेलं नाही.

मिरगाला आठ दिवस होते. आबांना बरं नाही असा निरोप आला म्हणून मी माहेरी गेले. आबांना साधा ताप होता, उतरला. पण गावात टोचणी झालेली नव्हती. डॉक्टर एकदा आले होते, त्या जुन्या पोकळ सायलेन्सरवर, आणि रिकाम्या गावात हिंडून परत गेले होते. मी आबांना म्हटलं, ते पुन्हा येतील. आबा म्हणाले, "येतील गं, पण मोटार आली म्हंजी गाव कुठं जाग्यावर ऱ्हातंय?"

तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आधी सडकेकडून आवाज आला. पहिल्यांदा कुत्र्यांनी ऐकला, मग माणसांनी. पाच मिनिटांत गाव हललं. दारांच्या कड्या वाजल्या, गोठ्यांतून दावी सुटली, गुरांचा लोट ओढ्याच्या वाटेला लागला. आबांनीही खोंडाचा कासरा सोडला होता. मी अंगणात उभी होते. मला आधी काहीच नीट ऐकू येईना, कड्यांचा आणि गुरांचाच गलबला होता. मग वारा फिरला आणि ठोके सुटे झाले.

"आबा, थांबा," मी म्हटलं. "डॉक्टरची फटफटी हाय."

"तुला कसं कळतंय?"

"त्या आवाजाची चाळण म्या केलीया."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, चाळण आणि फटफटी यांचा संबंध त्यांना लागला असेल असं नाही. पण ते कासरा धरून गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खोंड ओढत होता, हा बाबा पाय रोवून उभा. मागून गुरं हाकत येणारी माणसं अडली. कुणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा की, काका." आबा म्हणाले, "माझी पोरगी सांगती ते खोटं न्हाय. आवाज वळखती ती." ताप उतरून दोनच दिवस झाले होते त्यांचे, आवाज चिरका येत होता. पण हलले नाहीत. चुकीचं निघालं असतं तर गावासमोर त्यांचं तोंड राहिलं नसतं, आणि बैलही राहिले नसते. मी आत गेले नाही. त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

फटफटी वळणावरून आली. तडकलेल्या काचेचा चष्मा, मागं ओलं पोतं. डॉक्टरांनी भरलेली गल्ली बघितली आणि गाडी तिथंच थांबवली. बहुधा त्यांना पुन्हा ढेकळं येतील असं वाटलं. मग त्यांना मी दिसले. त्यांनी खाली उतरून पेटी सोडायला घेतली.

अंधार पडेपर्यंत टोचणी चालली. आबांच्या दोन्ही बैलांना पहिल्यांदा. ओढ्याकडं गेलेली गुरं पोरांनी वळवून आणली, रांग मठापर्यंत गेली. त्या पावसाळ्यात घटसर्प आमच्या शिवारापर्यंत आला आणि आमच्या गावातलं एकही जनावर न घेता गेला. हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं आहे, आणि सांगताना मान ताठ होते, ती होऊ द्यावी असंच मला वाटतं.

पण मला सांगायचं ते त्या संध्याकाळचं. डॉक्टर हात धुऊन निघाले, गाडीला लाथ मारणार, तेवढ्यात आबा पुढं झाले. "सायेब, जरा थांबा. जनावरं जवळ येऊ द्या." आमच्याकडं नव्या गाडीला घुंगरं बांधली की जुंपायच्या आधी ती बैलांच्या कानाशी वाजवतात, म्हणजे वाटेत बुजत नाहीत. आबांनी खोंडाला धरून फटफटीच्या मागं आणलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही आपापली गुरं आणली. अर्धं गाव आपल्या जनावरांच्या वेसणी धरून त्या एका सायलेन्सरभोवती गोळा झालं, आणि डॉक्टरांनी गाडी जागच्या जागी चालू ठेवली.

खोंड आधी फुरफुरला, मागं सरला. आबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि लहान पोराला समजवावं तसं त्याच्या कानाशी बोलले. "ऐकून घे. आपल्या पोरीनं केल्याला आवाज हाय ह्यो. ह्याला भ्यायाचं न्हाय."

आबांनी माझं कौतुक म्हणून केलेलं जन्मातलं हे एकच बोलणं, आणि तेही बैलाशी. मी पदर तोंडाला लावून उभी होते. खोंड हळूहळू शांत झाला आणि उभ्या जागी रवंथ करू लागला.